किल्पेक : पडत्या काळाने राखलेलं चर्च

चर्च ऑफ इंग्लंडच्या ताब्यात आज सुमारे १६ हजार चर्चेस आहेत आणि त्यांतली हजारो मध्ययुगातली आहेत. पण ‘बाराव्या शतकातलं चर्च’ असं वाचून आत गेलं, की बहुतेक ठिकाणी बाराव्या शतकाचा एखादाच तुकडा हाती लागतो. दाराची कमान तेवढी जुनी, मनोरा तेराव्या शतकातला, खिडक्या पंधराव्या, बाकं आणि रंगीत काचा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या. गावात पैसा आला की चर्च वाढवायचं, उंच करायचं, नव्या धाटणीने सजवायचं, ही तिथली शेकडो वर्षांची रीत. हेरफर्डशायरमधल्या किल्पेक गावचं सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड चर्च या रीतीतून सुटलं. ११४०च्या सुमारास गवंड्यांनी जे उभं केलं, ते बव्हंशी तसंच आजही उभं आहे.

इमारत लहान आहे. मनोरा नाही, बाजूची दालनं नाहीत, छतावरची घंटेची छोटी कमानदेखील एकोणिसाव्या शतकातली. तरीही इंग्लंडमधल्या नॉर्मन काळातल्या चर्चांची यादी करायला बसलेला कोणीही अभ्यासक किल्पेक वगळू शकत नाही, कारण एवढ्याशा इमारतीवर एवढं आणि इतकं धडधाकट राहिलेलं कोरीवकाम त्या देशात क्वचितच सापडतं. ते टिकलं कसं, याचं थोडं श्रेय दगडाला आहे. बाकीचं गावाच्या जमाखर्चात शोधावं लागतं.

सरहद्दीवरचा जहागीरदार

किल्पेक हेरफर्ड शहराच्या नैर्ऋत्येला साधारण १४ किलोमीटरवर आहे आणि वेल्सची सीमा तिथून जवळच. या टापूला आर्चनफील्ड म्हणतात. पूर्वी इथे एर्गिंग नावाचं वेल्श राज्य होतं. इंग्रजी अंमल आल्यावरही लोक वेल्श बोलत आणि आपल्याच रिवाजांनी चालत. १०६६ साली नॉर्मन फौजांनी इंग्लंड जिंकलं आणि वीस वर्षांनी, १०८६ साली, राजा विल्यमने सगळ्या मुलखाची मोजणी करवली. ‘डूम्सडे बुक’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या दप्तरात आर्चनफील्डच्या गावांचा सारा काही अंशी मधात मोजलेला आहे. त्याच दप्तरात किल्पेकचा धनी म्हणून विल्यम फिट्झ नॉर्मन याचं नाव येतं.

सरहद्दीवरचा नॉर्मन सरदार आधी किल्ला बांधी. मातीचा उंच ढिगारा रचायचा, त्यावर लाकडी किंवा दगडी बुरूज चढवायचा आणि पायथ्याशी खंदक-तटाचं आवार राखायचं, अशी ही झटपट उभी राहणारी रचना. किल्पेकच्या किल्ल्याचा ढिगारा चर्चच्या पश्चिमेला आजही आहे आणि त्याच्यावर दगडी भिंतीचे दोन-चार अवशेष उरले आहेत. चर्चच्या दुसऱ्या अंगाला मातीच्या बांधांनी वेढलेलं एक मोठं शेत दिसतं. एके काळी तिथे गाव होतं. किल्ला, चर्च आणि वस्ती अशी शेजारी शेजारी मांडलेली ही वसाहत म्हणजे नवा धनी इथे कायमचा राहायला आला आहे, याची जाहीर दवंडी होती.

चर्च मात्र त्याच्याही आधीपासून इथे असलं पाहिजे. बाराव्या शतकात संकलित झालेल्या, वेल्समधल्या लँडाफ धर्मपीठाच्या ग्रंथात किल्पेकच्या जुन्या चर्चचा उल्लेख येतो. आजच्या इमारतीच्या मुख्य दालनाच्या ईशान्य कोपऱ्यातली दगडांची बांधणी बाकीच्या भिंतीहून वेगळी आहे आणि ती नॉर्मनपूर्व इमारतीची असावी असं अनेक अभ्यासक मानतात. सेंट डेव्हिड हे वेल्सचे संत. मेरीच्या जोडीने त्यांचंही नाव चर्चला आहे. सरहद्दीवर राज्य करायचं तर रयतेच्या संताला बेदखल करून चालत नाही, एवढा व्यवहार नव्या धन्यांना कळत असणार.

विल्यम फिट्झ नॉर्मनच्या पाठीमागे त्याचा मुलगा ह्यू जहागिरीवर आला. ११३४ साली त्याने किल्पेकचं चर्च ग्लॉस्टरच्या सेंट पीटर मठाला दान दिलं. हे दान समजायला पॅरिशची व्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आणि एका पाद्र्याच्या हद्दीतला मुलूख. त्या हद्दीतल्या प्रत्येक कुटुंबाने धान्य, लोकर, कोकरं अशा सगळ्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देणं बंधनकारक होतं. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन त्याच चर्चमध्ये व्हायचं. म्हणजे चर्च ज्याच्या हाती, त्याच्या हाती दरवर्षीचं बांधलेलं उत्पन्न. मठाला चर्च देणं म्हणजे ते उत्पन्न देणं, आणि त्याच्या बदल्यात मठातले साधू दात्याच्या घराण्यासाठी प्रार्थना करत. ग्लॉस्टरच्या मठाने किल्पेकला आपली छोटी शाखाही काढली. आज दिसणारी इमारत याच सुमारास उभी राहिली.

तीन भाग, एक रांग

चर्चचा आराखडा साधा आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन भाग एका रांगेत येतात आणि प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा अरुंद होत जातो. पहिला नेव्ह, म्हणजे लोकांचं दालन. दुसरा चॅन्सल, म्हणजे पाद्र्याची जागा. तिसरा अप्स, म्हणजे अर्धवर्तुळाकार टोक. वेदी पूर्वेला आणि प्रार्थना करणाऱ्याचं तोंडही पूर्वेला. मध्ययुगात नेव्हमध्ये बाकं नसत, लोक उभे राहत. प्रार्थना लॅटिनमध्ये चाले आणि ती शेतकऱ्याला कळत नसे. त्याच्या वाट्याला डोळ्यांनी पाहणं येई, म्हणून भिंती रंगवलेल्या असत आणि दगड कोरलेले.

नेव्ह आणि चॅन्सल यांची ही विभागणी हिशेबाचीही होती. मध्ययुगीन इंग्लंडच्या रिवाजानुसार नेव्हची डागडुजी गावकऱ्यांनी करायची आणि चॅन्सलची डागडुजी दशमांश घेणाऱ्याने. हा नियम पुढे किल्पेकच्या नशिबात कसा शिरला, ते येईलच.

सगळ्या इमारतीचा जोर अर्धगोल कमानीवर आहे. पाचरीच्या आकाराचे दगड लाकडी साच्यावर रचत न्यायचे आणि शेवटचा दगड माथ्यावर ठोकून बसवला की साचा काढून घ्यायचा. मग वरचं वजनच दगडांना एकमेकांत आवळून धरतं. पण हे वजन खाली येताना बाजूंनाही रेटा देतं. तो रेटा सोसायला भिंती जाड लागतात, खिडक्या लहान ठेवाव्या लागतात आणि भिंतीला बाहेरून चपटे आधार द्यावे लागतात. किल्पेकमध्ये हे सगळं आहे. टोकदार गॉथिक कमान इंग्लंडात रुळली ती बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. तिचा रेटा अधिक सरळ खाली जातो, म्हणून तिच्याबरोबर उंच भिंती आणि मोठाल्या खिडक्या आल्या. किल्पेकच्या काही खिडक्या नंतर बदलल्या गेल्या. पण अप्समधल्या लहान, अर्धगोल माथ्याच्या खिडक्या पाहिल्या की मूळ चर्चमध्ये उजेड किती जपून घेतला होता ते समजतं.

अप्सच्या छताला दगडी बरगड्या आहेत. त्या नागमोडी नक्षीने कोरलेल्या आहेत आणि जिथे त्या एकत्र येतात तिथल्या दगडावर पशुमुखं आहेत. अप्स शिल्लक असणं हीसुद्धा नवलाची गोष्ट आहे. नॉर्मन काळात इंग्लंडात अर्धवर्तुळाकार टोकाची बरीच चर्चेस बांधली गेली. पण तेराव्या शतकात पूर्वेची बाजू सरळ भिंतीची आणि लांबलचक असावी अशी पद्धत पडली आणि जागोजागी अप्स पाडून चॅन्सल वाढवली गेली. नेव्ह आणि चॅन्सल यांच्या मधली कमानही निराळी आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर तीन-तीन मानवाकृती एकावर एक उभ्या कोरल्या आहेत, आणि त्यांतल्या किल्लीवाल्या आकृतीत संत पीटर ओळखता येतात.

दक्षिणेचं दार

चर्चचं वैभव दक्षिणेच्या दारात आहे. लाल-पिवळसर वालुकाश्मात कोरलेलं हे दार पाहायचं तर खालून वर जावं. दोन्ही कडांच्या उभ्या दगडांवर लांबलचक सर्प एकमेकांत गुंतले आहेत. त्यांच्या आतल्या बाजूच्या एका खांबावर वेलींच्या जाळ्यात दोन सडसडीत पुरुष उभे आहेत. डोक्यावर टोकदार टोप्या आणि अंगाला घट्ट, उभ्या रेघांचे कपडे. कोणी त्यांना योद्धे म्हणतं, पण कपड्यांच्या रेघा इतक्या नक्षीदार आहेत की माणूस कुठे संपतो आणि वेल कुठे सुरू होते हे क्षणभर कळत नाही. खांबांच्या माथ्यांपैकी एकावर मानवी चेहरा आहे आणि त्याच्या तोंडातून दोन्हीकडे पानं फुटली आहेत. दाराच्या वर, कमानीच्या पोटातल्या अर्धवर्तुळात, द्राक्षवेलीसारखं झाड भरगच्च पसरलं आहे. बहुतेक अभ्यासक त्याला जीवनवृक्ष म्हणतात.

या झाडाभोवती कमानीच्या दोन रांगा आहेत. आतल्या रांगेत चोची रोवून बसलेली पशुपक्ष्यांची डोकी आहेत. बाहेरच्या रांगेत साखळीसारखी एकमेकांना जोडलेली वर्तुळं आहेत आणि प्रत्येक वर्तुळात पक्षी, मासे नाहीतर स्वतःशीच झुंजणारे ड्रॅगन. एवढ्या सगळ्या आकृतींत ख्रिस्त नाही, मेरी नाही, बायबलमधला सहज ओळखू येईल असा प्रसंगही नाही. फ्रान्समधल्या त्याच काळच्या मोठ्या चर्चांच्या दारांवर अंतिम न्यायाचा देखावा, सिंहासनावरचा ख्रिस्त अशी ठरलेली चित्रं येत. किल्पेकच्या दारावर त्यांची जागा वेलीने आणि प्राण्यांनी घेतली आहे.

पानं ओकणाऱ्या चेहऱ्याला आज ‘ग्रीन मॅन’ म्हणतात आणि पुष्कळ लोक त्याच्यात ख्रिस्तपूर्व वनदेव पाहतात. २०२३ साली राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेवरही तो होता. पण हा वनदेवाचा अर्थ लोकप्रिय झाला तो १९३९ साली लेडी रॅगलन यांनी लिहिलेल्या एका लेखापासून. बाराव्या शतकातला कारागीर या चेहऱ्याकडे तसं पाहत होता, याचा पुरावा नाही. असे चेहरे रोमन काळच्या सजावटीतही आहेत आणि मठांतल्या हस्तलिखितांच्या अक्षरांतही. किल्पेकच्या पाथरवटाच्या हाती ते याच वाटेने आले असण्याची शक्यता जास्त आहे.

छताखालची ८५ डोकी

चर्चला बाहेरून प्रदक्षिणा घातली तर छताच्या कडेखाली कोरलेल्या ठोकळ्यांची रांग सगळ्या इमारतीला वेढताना दिसते. यांना कॉर्बेल म्हणतात. भिंतीतून बाहेर काढलेला हा दगड वरच्या दगडी पट्टीला आधार देतो, ती पट्टी छताची कड भिंतीबाहेर नेते आणि पावसाचं पाणी भिंतीवरून न ओघळता लांब पडतं. काम एवढंच. साधे चौकोनी ठोकळे लावले असते तरी भागलं असतं. पण किल्पेकच्या पाथरवटांना जणू मोकळीक मिळाली होती. आज असे ८५ कॉर्बेल शिल्लक आहेत. १८४२ साली जॉर्ज रॉबर्ट लुईस या चित्रकाराने या चर्चवर सचित्र ग्रंथ काढला, त्यातल्या चित्रांपेक्षा हे सहा कमी आहेत.

त्यांतली सगळ्यांत लाडकी जोडी म्हणजे कुत्रा आणि ससा. कान पाडलेला, डोळे वटारलेला कुत्रा आणि त्याला बिलगलेला ससा. शिकारी आणि शिकार एकाच दगडात गळ्यात गळा घालून बसली आहेत, आणि आजच्या व्यंगचित्रांच्या पुस्तकातही ती खपून जातील. दुसरीकडे एक वादक तंतुवाद्य वाजवतो आहे. दोन माणसं एकमेकांना कवटाळून आहेत. ती नाचतात की कुस्ती खेळतात, यावर एकमत नाही. एका प्राण्याने माणसांची डोकी तोंडात धरली आहेत. एक डुक्कर आहे, एक मेंढा आहे. क्रूस वागवणारं कोकरूही आहे. ते ख्रिस्ताचं प्रतीक, पण किल्पेकच्या पाथरवटाच्या हातून ते पुष्कळसं घोड्यासारखं उतरलं आहे.

आणि अप्सच्या बाजूला, वेदीच्या अगदी बाहेर, एक स्त्री आहे. मोठं गोल टक्कल, मोठे डोळे, आणि दोन्ही हात पायांखालून घेऊन ती आपली योनी फाकवून दाखवते आहे. अशा आकृतींना शीला-ना-गिग म्हणतात. त्या सर्वाधिक आयर्लंडमध्ये सापडतात, ब्रिटनमध्येही आहेत, आणि किल्पेकची आकृती त्यांतली बहुधा सर्वांत प्रसिद्ध. लुईसने १८४२च्या ग्रंथात तिचं चित्र काढलं, पण योनी काढली नाही. त्याच्या लेखी ती स्त्रीच नव्हती. छाती उघडून आपलं काळीज सगळ्या जगाला दाखवणारा तो कोणी मूर्ख होता.

मराठी वाचकाला इथे लज्जागौरी आठवेल, आणि रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर लिहिलेलं पुस्तकही. दोन्ही आकृतींत योनिदर्शन आहे, यापलीकडे साम्य मात्र फार जात नाही. लज्जागौरी पूजेची देवी आहे. बहुतेक मूर्तींत तिच्या मस्तकाच्या जागी कमळ असतं आणि तिचा सगळा भाव सुफलतेचा. किल्पेकची शीला छताखालच्या गर्दीतली एक आहे, तिची पूजा झाल्याची नोंद नाही आणि तिचा चेहरा विद्रूप. तिचा अर्थ काय, यावर अभ्यासकांत तीन तट आहेत. काहींच्या मते ती जुन्या सुफलतादेवतेचा अवशेष आहे. काहींच्या मते ती दृष्ट लागू नये, सैतानाने फिरकू नये म्हणून बसवली. तिसरा तट म्हणतो की फ्रान्स-स्पेनमधल्या यात्रामार्गांवरच्या चर्चांत वासनेचं पाप दाखवण्यासाठी अशा आकृती कोरल्या जात आणि ही त्यांचीच दूरची नात. आकृतींचा काळ आणि शैली पाहता तिसरं मत जड वाटतं. पण शेजारच्या कुत्र्या-सशात कोणतं पाप आहे, हे त्या मतालाही सांगता येत नाही.

हा पेच त्या काळातही होता. ११२५च्या सुमारास क्लेअरव्हो मठाचे प्रमुख बर्नार्ड यांनी मठांच्या आवारांत कोरलेल्या माकडं, सिंह, अर्धमानव यांच्यावर जोरदार टीका केली. साधू ग्रंथ वाचायचे सोडून दगडच पाहत बसतील, ही त्यांची एक तक्रार. मूर्खपणाची लाज नसेल तर निदान खर्चाची तरी असू द्या, ही दुसरी. म्हणजे अशा शिल्पांत प्रत्येक वेळी गूढ अर्थ असतोच असं त्या काळचे धर्मज्ञही धरून चालत नव्हते. पाथरवटाच्या हातातली खुशी आणि यजमानाच्या पैशाची ऐट यांनाही त्यात जागा होती.

सांतियागोहून आलेली तऱ्हा

किल्पेकच्या पाथरवटांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत, पण त्यांचा हात ओळखता येतो. इर्डस्ली गावच्या बाप्तिस्मा-कुंडावर वेलींत अडकून लढणारे दोन योद्धे आहेत, आणि त्यांचे रेघारेघांचे कपडे किल्पेकच्या दारावरच्या पुरुषांसारखेच. स्ट्रेटन शुगवसमध्ये सिंहाचा जबडा फाडणारा सॅमसन आहे, ब्रिन्सॉपमध्ये घोड्यावरचा सेंट जॉर्ज, कासल फ्रोममध्ये कोरलेलं कुंड, रोलस्टोनच्या कमानीवर चक्क उलट्या लटकलेल्या संताच्या आणि देवदूताच्या आकृती. या सगळ्यांना मिळून हेरफर्डशायर शैली म्हणतात. कलेचे इतिहासकार जॉर्ज झार्नेकी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात तिचा सांगोपांग अभ्यास केला.

या शैलीचा उगम सापडतो तो शोब्डन गावात. विगमोरचे सरदार ह्यू मॉर्टिमर यांचा कारभारी ऑलिव्हर द मर्लिमॉन्ड याने ११३०च्या दशकात तिथे चर्च बांधलं. विगमोर मठाच्या बखरीत नोंद आहे की हा ऑलिव्हर स्पेनमधल्या सांतियागो द कॉम्पोस्टेलाच्या यात्रेला जाऊन आला होता. सांतियागोच्या कॅथेड्रलच्या एका दारावर खांबांवर एकावर एक उभे केलेले संत आहेत, आणि किल्पेकच्या चॅन्सल-कमानीतले संत त्यांचीच आठवण करून देतात. यात्रामार्ग पश्चिम फ्रान्समधून जातो, तिथल्या चर्चांच्या कमानींवरही प्राणी-पक्ष्यांच्या रांगा आहेत. यात्रेत ऑलिव्हरच्या बरोबर एखादा शिल्पी होता की त्याने परतल्यावर पाहिलेलं वर्णन करून सांगितलं, ते ठरवता येत नाही. पण सरहद्दीच्या एका कोपऱ्यातल्या पाथरवटापर्यंत स्पेन-फ्रान्सची तऱ्हा पोचली ती यात्रेकरूंच्या पायांनी, एवढं दिसतं. किल्पेकच्या पश्चिम भिंतीतून बाहेर झेपावणारी, जबडा पसरलेली ड्रॅगनची डोकी मात्र दक्षिणेकडची नाहीत. त्यांची जात व्हायकिंग लोकांच्या लाकडी कोरीवकामाची आहे. इंग्लंडात ही चाल नॉर्मनांच्या आधीपासून रुजली होती आणि किल्पेकमध्ये दोन्ही धारा एकाच भिंतीवर आल्या.

शोब्डनकडे पैसा होता

शोब्डनचं पुढे काय झालं, ते किल्पेकच्या तुलनेत पाहण्यासारखं आहे. अठराव्या शतकात शोब्डन बेटमन घराण्याकडे होतं. घरात पैसा होता, अभिरुची होती आणि लंडनच्या फॅशनशी संबंध होता. १७५०च्या आसपास त्यांनी जुनं नॉर्मन चर्च पाडून त्या जागी नव्या धाटणीचं, पांढऱ्या-निळ्या रंगांचं देखणं चर्च उभारलं. जुन्या चर्चच्या कोरीव कमानी त्यांनी फेकल्या नाहीत. टेकडीवर नेऊन बागेची शोभा म्हणून रचल्या. आज त्या उघड्या पावसात झिजून इतक्या पुसट झाल्या आहेत की तिथे मूळ काय कोरलं होतं हे समजायला लुईसने पुढे काढलेल्या चित्रांचा आधार घ्यावा लागतो. शिल्प एकाच शैलीचं, काळ एकच, परगणा एकच. शोब्डनला श्रीमंत आणि हौशी धनी मिळाला, आणि तेच त्याला भोवलं.

किल्पेकचा धनी त्याच्या कितीतरी आधी निघून गेला होता. राजा जॉन तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मुक्कामाला येऊन गेला, म्हणजे तोवर गावाला मान होता. पण किल्पेकच्या ह्यूच्या वंशात पुढे मुलीच उरल्या आणि जहागीर लग्नांतून दुसऱ्या घराण्यांकडे गेली. त्यांची मोठी ठाणी दुसरीकडे होती. १२८३पर्यंत पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकून घेतलं, आणि सरहद्दच उरली नाही तर सरहद्दीवरच्या लहान किल्ल्यांवर खर्च कोण करणार? किल्ला ओस पडत गेला आणि सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात त्याची उरलीसुरली तटबंदी निकामी केली गेली. तटाच्या आतली वस्ती विरळ होत होत तिच्या जागी गवत आलं.

आता तो डागडुजीचा नियम आठवावा. नेव्ह वाढवायचं तर गावकऱ्यांकडे पैसा हवा. पूर्व इंग्लंडमधल्या लोकरीच्या व्यापाऱ्यांनी पंधराव्या शतकात आपापल्या गावांत कॅथेड्रलच्या तोडीची चर्चेस बांधली. किल्पेकमध्ये असा व्यापारी नव्हता. चॅन्सल वाढवायची तर दशमांश घेणाऱ्याने हात सैल सोडायला हवा, आणि तो हात होता ग्लॉस्टरच्या मठाचा. मठाकडे पैसा होता. १३२७ साली दुसरा एडवर्ड राजा तिथे पुरला गेला, त्यानंतर मठाने आपल्या मोठ्या चर्चच्या पूर्वेचा सगळा भाग नव्या शैलीत मढवला आणि तिथे काचेची प्रचंड खिडकी बसवली. आपल्या दारात एवढं काम काढलेल्या मठाने दूरच्या खेड्यातल्या अर्धवर्तुळाकार टोकाकडे लक्ष दिलं नाही, यात नवल नाही. किल्पेकची शाखाही पंधराव्या शतकात गुंडाळली गेली. वाढवण्याचं कारण एकाकडे नव्हतं आणि ऐपत दुसऱ्याकडे नव्हती. म्हणून अप्स जागेवर राहिला.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट आली. इंग्लंडभर चर्चांतल्या संतांच्या मूर्ती फोडल्या गेल्या, भिंतींवरची चित्रं चुन्याखाली गेली. किल्पेकच्या बाहेरच्या भिंतीवर संत जवळजवळ नव्हतेच. ससे, सर्प आणि वेली फोडून कोणाला पुण्य मिळणार? आतल्या कमानीतले संतही वाचले, आणि त्यात गावाच्या आडबाजूपणाचा वाटा असावा.

दगडाचं श्रेय राहिलंच. या भागातला वालुकाश्म सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांच्या गाळातून तयार झाला. त्याचे थर सारखे नसतात. काही थर हातात चुरा होतात, काही बारीक कणांचे आणि घट्ट असतात. किल्पेकच्या पाथरवटांनी कोरण्यासाठी दगड पारखून घेतला असणार, नाहीतर सर्पांच्या अंगावरचे बारीक मणी साडेआठशे-नऊशे पावसाळे काढून एवढे ठसठशीत दिसले नसते.

आता गरिबी उपयोगाची नाही

१८४०च्या दशकात कॉटिंगहॅम या वास्तुविशारद घराण्याच्या देखरेखीखाली चर्चची दुरुस्ती झाली. हे घराणं तेव्हा हेरफर्डच्या कॅथेड्रलवरही काम करत होतं. व्हिक्टोरियन दुरुस्त्यांची ख्याती वाईट आहे. जुनं खरवडून ‘मुळात असायला हवं होतं’ तसं नवं करायची तेव्हा हौस होती. किल्पेकमध्ये हात बेताने चालला. लुईसचा ग्रंथ नुकताच निघाला होता, लोकांचं लक्ष चर्चकडे वळलं होतं, आणि हे काम मोलाचं आहे हे दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक होतं. शेकडो वर्षं इथे बाहेरचं कोणी फारसं फिरकलं नाही, आणि लोक फिरकू लागले तेव्हा जुन्याची किंमत करणारा काळ सुरू झाला होता. मधला जो काळ शोब्डनला महागात पडला, तो किल्पेकने दुर्लक्षात काढला.

पण याचा अर्थ पैसा नसला की वारसा जपला जातो, असा लावता येणार नाही. त्याच गावातल्या किल्ल्याकडेही दुर्लक्षच झालं, आणि ढिगारा व भिंतीचे दोन-चार अवशेष यांखेरीज त्याचं काही उरलं नाही. फरक एवढाच, की किल्ल्याचा उपयोग संपला आणि चर्चचा संपला नाही. दर रविवारी माणसं आत येत राहिली. छत गळू लागलं की त्यांच्या डोक्यावर गळे, म्हणून कोणीतरी ते शाकारत आलं. नवा मनोरा बांधण्याएवढा पैसा गावाकडे कधी आला नाही, पण फरशी आणि छप्पर राखण्याएवढा कसाबसा जमत राहिला. किल्पेक वाचलं ते या दोन रकमांच्या मधल्या जागेत.

ती जागा आज आक्रसते आहे. किल्पेक पहिल्या श्रेणीची संरक्षित इमारत आहे, म्हणजे तिच्यातला एक दगड बदलायलाही परवानगी लागते आणि काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावं लागतं. असं काम स्वस्तात होत नाही. दुसरीकडे दशमांश केव्हाच गेला, आणि इंग्लंडच्या खेड्यांत रविवारी चर्चला जाणारी माणसं वर्षागणिक घटत आहेत. नवी इमारत बांधायला पैसा नव्हता म्हणून किल्पेक राहिलं हे खरं. पण जुनी इमारत राखायचा खर्चही आता लहान राहिलेला नाही. सर्पांवरचे मणी उद्या कोणी पाहायचे असतील, तर यापुढे किल्पेकला दुर्लक्ष परवडणार नाही. त्याला अशा माणसांची गरज आहे, ज्यांच्याकडे शोब्डनच्या धन्याएवढा पैसा आहे आणि इमारतीत काही नवं करण्याची हौस नाही.